स्नेह, पत्र आणि नाम : दक्षिण कोकणच्या वनस्पतिग्रंथांचा एक विचार

१

शास्त्रीय ग्रंथाकडे वाङ्मय म्हणून पाहण्याची प्रथा मराठी समीक्षेत फारशी रुजलेली नाही. वनस्पतींच्या याद्या, त्यांची लॅटिन वर्णने आणि वाळवलेल्या नमुन्यांवरील चिठ्ठ्या यांचा विचार तर साहित्याच्या संदर्भात सहसा होतच नाही. तथापि ज्या लेखनात माणसे एकमेकांना उद्देशून काही सांगतात, एकमेकांचे ऋण मान्य करतात अथवा ते मान्य करावयाचे राहून जाते, त्या लेखनाचे परीक्षण अचूकतेच्या एकाच कसोटीवर पुरे होत नाही. अशा लेखनात कोण कोणाशी बोलतो, कोणाचे नाव कोठे येते आणि कोणाचे येत नाही, हे प्रश्न समीक्षेच्या कक्षेतीलच आहेत.

एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडात क्रोकसची, म्हणजे केशर ज्या प्रजातीत मोडते त्या प्रजातीची, लागवड करणाऱ्या अभ्यासकांचे वर्तुळ या दृष्टीने लक्षणीय आहे. मँचेस्टरचा धर्माधिकारी विल्यम हर्बर्ट १८४७ साली निधन पावला. क्रोकसच्या जातींविषयीचा त्याचा प्रबंध त्याच वर्षी जॉन लिंडलीने संपादून प्रसिद्ध केला. पुढे श्रॉपशरमधील फरश्यांचा कारखानदार जॉर्ज मॉ याने याच प्रजातीवर १८८६ साली बृहद्‌ग्रंथ सिद्ध केला व त्यातील चित्रे स्वतः काढली. मॉ हा जोसेफ हूकरचा स्नेही. १८७१ साली हूकर आणि जॉन बॉल यांच्यासमवेत त्याने मोरोक्कोचा प्रवासही केला होता. कंद पाकिटात घालून पाठवावा, सोबत चार ओळी लिहाव्यात, तो फुलला की उत्तर यावे, अशा देवघेवीतून हे ज्ञान वाढले. एकाने अपुरे ठेवलेले दुसऱ्याने पुरे करावे, हा त्या व्यवहाराचा अलिखित नियम होता.

असाच एक स्नेहव्यवहार त्याच काळात मुंबई इलाख्यात चालू होता, आणि त्याच्या लेखनात मालवणचा किनारा, वेंगुर्ले, सावंतवाडीचे रान यांना महत्त्वाचे स्थान आहे. जॉन ग्रॅहम, जोसेफ निमो, जे. एस. लॉ, अलेक्झांडर गिब्सन, निकोलस डॅल्झेल आणि जॉन एलर्टन स्टॉक्स ही त्या वर्तुळातील प्रमुख नावे. यांच्या ग्रंथांची शास्त्रीय योग्यता वनस्पतिशास्त्रज्ञांनी वेळोवेळी ठरविली आहे. प्रस्तुत विवेचनाचा विषय निराळा आहे. या ग्रंथांत मैत्रीने कोणते काम केले आणि ते कोठवर केले, हे येथे पाहावयाचे आहे. या ग्रंथांपुरते असे म्हणता येईल की मैत्री ही या शास्त्राची नुसती पार्श्वभूमी नसून त्याची कार्यपद्धती होती. आणि जेथे मैत्रीची सीमा आली तेथेच श्रेय देण्याची वृत्तीही थांबली.

२

या सहाजणांत वनस्पतिशास्त्र हा ज्याचा मूळ पेशा होता असा कोणी दिसत नाही. ग्रॅहम हा मुंबईचा उपमहापत्रपाल. म्हणजे इतरांची पत्रे पोहोचविणे हेच त्याचे नोकरीचे काम होते. लॉ मुलकी खात्यात होता. गिब्सन हा शल्यवैद्य. दख्खन आणि खानदेशात देवी काढण्याच्या खात्यात काम करून १८३८ च्या सुमारास तो पुण्याजवळील दापुरीच्या सरकारी बागेचा अधीक्षक झाला व १८४७ पासून इलाख्याचा वनसंरक्षक. स्टॉक्सही वैद्य, सिंधमध्ये तोही देवी काढण्याच्याच कामावर होता. डॅल्झेल १८४१ साली मुंबईस आला तो जकात खात्याचा साहाय्यक आयुक्त म्हणून. पुढे सिंधच्या रानांवर काम करून गिब्सननंतर १८६० च्या सुमारास तो वनसंरक्षक झाला.

या नोकऱ्यांचा आणि त्यांच्या लेखनाचा संबंध वरवरचा नाही. देवी काढणारा वैद्य गावोगाव हिंडतो, जकातीचा अधिकारी बंदरोबंदर हिंडतो. मालवण, वेंगुर्ले यांसारखी बंदरे डॅल्झेलच्या वर्णनांत स्थलनामे म्हणून येतात, त्याचे कारण हेच असावे. मालवण १८१२ साली कोल्हापूरकरांकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले होते. सावंतवाडी हे संस्थान होते. आणि हा सारा मुलूख ज्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात आज मोडतो तो जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. या ग्रंथांत मात्र त्याला एकच मोघम नाव आहे : दक्षिण कोकण.

त्या भूमीचा स्वभावही ध्यानात घ्यावयास हवा. मालवणच्या मागचे जांभ्या दगडाचे सडे उन्हाळ्यात काळे, उजाड दिसतात. पहिल्या पावसानंतर थोड्याच दिवसांत त्या कातळावरच्या बोटभर मातीतून कंदवर्गीय वनस्पती वर येतात, फुलतात, आणि पाऊस ओसरता ओसरता नाहीशा होतात. बर्फ वितळताच वर येणारा क्रोकस आणि मृगाच्या सरीबरोबर वर येणारी सड्यावरची फुले यांत कुलाचे नाते नसले तरी ऋतूचे नाते आहे. दोघांनाही गाठण्याची वेळ थोडी असते. शिवाय कोकणात ती वेळ नेमकी अशी की त्या दिवसांत टिपकागद वाळत नाही, नमुन्यावर बुरशी धरते आणि समुद्रमार्ग बंद असतो. एकट्या माणसाला एका हंगामात सर्व स्थळे गाठणे अशक्य असल्याने, ज्याच्या नेमणुकीच्या गावी जे फुलले ते त्याने टिपावे व मित्राला कळवावे, यावाचून गत्यंतर नव्हते. डिपकॅडी प्रजातीतील ज्या शुभ्र फुलांच्या कंदाला डॅल्झेलने कोकणाचेच नाव दिले, तो डिपकॅडी कॉन्कनेन्स या पावसाळी सृष्टीचा प्रतिनिधी म्हणता येईल.

३

या वर्तुळाचा आद्यग्रंथ म्हणजे ग्रॅहमची ‘मुंबई व आसपासच्या वनस्पतींची सूची’. ती १८३९ साली मुंबईत छापली गेली. पण ग्रॅहमने ती पुरी झालेली पाहिली नाही. त्याच वर्षी, पस्तिशी गाठण्यापूर्वी, तो खंडाळ्यास मरण पावला. उरलेला भाग निमोने पुरा करून ग्रंथ बाहेर आणला. हर्बर्टच्या प्रबंधासाठी लिंडलीने १८४७ साली जे केले, ते निमोने ग्रॅहमसाठी आठ वर्षे आधी केले होते. फरक इतकाच की लिंडली हा त्या काळचा मान्यवर प्राध्यापक होता, तर निमोचे स्वतःचे असे पुस्तक आपल्यासमोर नाही. तो आज ओळखला जातो तो दुसऱ्याच्या ग्रंथाचा शेवट करणारा म्हणून, आणि दुसऱ्यांनी ठेवलेल्या नावांतून.

ती नावे पाहण्यासारखी आहेत. घाटाच्या उतारांवर पावसाळा सरताना पिवळ्या फुलांनी उठून दिसणारी आणि काटेरी, तिधारी फळे धरणारी चेर किंवा रानभेंडी ही जगात सह्याद्रीच्या परिसरातच आढळते. तिची एरिनोकार्पस ही प्रजाती निमोने कल्पिली व तिचे नामकरण ग्रॅहमच्या सूचीतून जगासमोर आले. आणि त्या प्रजातीतील एकमेव जातीला ग्रॅहमने निमोचे नाव दिले : एरिनोकार्पस निमोनी. एका मित्राने प्रजातीचे घर बांधले आणि दुसऱ्याने त्या घराच्या दारावर त्याच मित्राचे नाव लिहिले. दोन शब्दांच्या या लॅटिन नावात दोघांचा संवाद साठलेला आहे. समर्पणपत्रिकेतून जे सांगावयास पाच-सात ओळी लागल्या असत्या, ते येथे दोन शब्दांत झाले आहे.

ग्रॅहमने निमोचे नाव आणखी दोन वनस्पतींना दिले, आणि त्यांचे पुढील भवितव्य अधिक उद्‌बोधक आहे. एका रानआल्याला त्याने अल्पिनिया प्रजातीत घालून निमोचे नाव दिले होते. डॅल्झेलला ही प्रजाती चुकीची वाटली. १८५२ साली त्याने ती वनस्पती झिंजिबर, म्हणजे आल्याच्याच प्रजातीत नेली. मात्र जातिनाम त्याने कायम ठेवले. आजच्या रीतीने हे नाव लिहिताना ‘झिंजिबर निमोनी’ या शब्दांपुढे आधी कंसात ग्रॅहम आणि मग कंसाबाहेर डॅल्झेल असे लिहावे लागते. मृत मित्राची चूक दुरुस्त करणाराच त्याचे नाव पुढे वाहून नेतो, अशी ही रचना आहे. शास्त्राच्या नियमाने ती बंधनकारक केली हे खरे. पण नियमामागे जी नीती आहे ती अशा व्यवहारातून घडलेली आहे, हे विसरून चालणार नाही. वाङ्मयाच्या क्षेत्रात पूर्वसूरींचे खंडन करताना त्यांचे नाव वगळण्याचा मोह अनेकांना होतो. येथे खंडन आणि स्मरण यांची जागा एकच आहे.

तिसरे नाव मात्र फार काळ हरवले होते. सह्याद्रीच्या रानातील नरक्या या झाडाला ग्रॅहमने प्रेम्ना या भलत्याच प्रजातीत घालून निमोनियाना असे जातिनाम दिले. प्रजाती चुकल्यामुळे ते नाव कोणाच्या लक्षात राहिले नाही. पुढे हे झाड मॅपिया फिटिडा, म्हणजे ‘दुर्गंधी’ या अर्थाच्या नावाने ग्रंथांतून वावरू लागले. त्याच्या फुलांच्या वासामुळे ते नाव शोभणारेही होते. १९७२ साली याच नावाखाली या झाडातील कॅम्प्टोथेसिन या कर्करोगावरील उपयुक्त द्रव्याची नोंद झाली. त्यानंतर डेव्हिड मॅबर्लीने ग्रॅहमच्या सूचीतील नावाचा अग्रमान दाखवून दिला आणि झाडाचे नाव नॉथापोडायटिस निमोनियाना असे झाले. ज्याने मित्राचे पुस्तक पुरे केले त्याचे नाव, मित्राच्याच पुस्तकाच्या आधारे, जवळजवळ दीडशे वर्षांनी परत आले. औषधासाठी या झाडाची बेसुमार तोड होत असताना, त्याच्या नावातील ही जुनी कृतज्ञता कोणाच्या ध्यानातही नसेल, ही गोष्ट निराळी.

४

ग्रॅहमच्या सूचीनंतर या वर्तुळाच्या लेखनाचे केंद्र मुंबईतून क्यू येथे सरकले. विल्यम हूकरच्या मासिकात १८५० ते १८५२ या काळात डॅल्झेलची पश्चिम हिंदुस्थानच्या वनस्पतींविषयीची लेखमाला प्रसिद्ध झाली. त्या मासिकाचा घाटच पत्रव्यवहाराचा होता. दूरदूरच्या संग्राहकांच्या पत्रांतील उतारे, प्रवासवृत्ते, नव्या जातींची वर्णने एकाच अंकात शेजारीशेजारी छापली जात. खासगी पत्र कोठे संपते आणि शास्त्रीय निबंध कोठे सुरू होतो, हे त्यात नेहमी स्पष्ट नसते.

डॅल्झेलचे लेखन या दृष्टीने वाचले म्हणजे त्याचा विशेष ध्यानात येतो. वनस्पतीचे लॅटिन वर्णन ही अतिशय बांधीव शैली आहे. त्यात क्रियापदे जवळजवळ नसतात. पान, देठ, पुष्पकोश, पाकळ्या, फळ, बी असा क्रम ठरलेला असतो. वर्णन करणाऱ्याचे मत, आश्चर्य, श्रम यांना जागा नसते. हे सारे झाल्यावर अखेरीस येते ती स्थळाची ओळ : वनस्पती कोठे उगवते, केव्हा फुलते. ही एकच ओळ अशी आहे की जिच्यात लेखकाचा प्रत्यक्ष वावर दिसतो. मालवणचे नाव जेव्हा त्या ओळीत येते, तेव्हा क्यूमधील वाचकाच्या दृष्टीने तो एक अपरिचित शब्द असतो. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ते पाय भाजणारे किंवा घसरणारे कातळ असतात. अलंकार वर्ज्य असलेल्या या शैलीत स्थलनाम हेच अनुभवाचे एकमेव चिन्ह उरते. म्हणूनच या लेखनाच्या प्रामाणिकपणाची कसोटी त्या अखेरच्या ओळीवर लागते.

डॅल्झेल आणि गिब्सन या दोघांच्या नावाने १८६१ साली भायखळ्याच्या एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यात छापलेला ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ या शैलीचे दुसरे रूप दाखवितो. येथे लॅटिनच्या जागी इंग्रजी आले, वर्णने आखूड झाली, देशी नावे आली, झाडांचे उपयोग आले. मासिकातील लेख क्यूमधील तज्ज्ञासाठी होता, हा ग्रंथ रानात हिंडणाऱ्यासाठी आहे. एकाच लेखकाच्या दोन वाचकांना उद्देशून केलेल्या या दोन रचना शेजारी ठेवून वाचल्या तर, ‘बॉम्बे फ्लोरा’त नेमकेपणा काहीसा कमी झाला असला तरी आपुलकी वाढली आहे, असे जाणवते. तेथील कोकण हे पाहिलेले, हिंडलेले कोकण आहे. पुढे थिओडोर कूकने १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो ग्रंथ रचला, तो याहून कितीतरी अधिक पद्धतशीर आहे. पण कूकच्या पानापानावर या जुन्या मंडळींची नावे येतात. ज्याचा नमुना आपण स्वतः डोळ्यांनी पाहिला त्याच्या नावापुढे उद्‌गारचिन्ह देण्याची वनस्पतिशास्त्राची प्रथा कूकने पाळली आहे. ‘कोकण, लॉ!’, ‘स्टॉक्स!’ असे छापलेले पाहून नवख्या वाचकास ती हाक वाटावी. वस्तुतः ती साक्ष आहे : हा माणूस तेथे गेला होता, आणि त्याने आणलेली वस्तू अजून शाबूत आहे.

५

इतके वाचल्यावर हा स्नेहव्यवहार निर्दोष होता, असा समज होण्याचा संभव आहे. तसा तो नव्हता, आणि त्याचा पुरावा याच मित्रांच्या नमुन्यांवर चिकटविलेला आहे.

स्टॉक्स १८५३ साली आपल्या संग्रहावर काम करण्यासाठी इंग्लंडला परतला आणि १८५४ साली, सिंधच्या वनस्पतींचे काम अपुरे ठेवून, अकाली मरण पावला. जोसेफ हूकर आणि टॉमस टॉमसन यांनी हिंदुस्थानातील वनस्पतींचे नमुने युरोपातील संग्रहालयांना वाटले, त्यांत स्टॉक्स, लॉ प्रभृतींनी जमविलेले नमुने होते. त्या नमुन्यांसाठी छापलेल्या चिठ्ठीवर स्थळ म्हणून ‘मलबार, कोकण इत्यादी’ असा मजकूर आहे आणि संग्राहक म्हणून ‘स्टॉक्स, लॉ इत्यादी’ असा. पश्चिम किनाऱ्याच्या वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकास ही चिठ्ठी परिचित आहे, आणि तिच्यामुळे होणारा घोटाळाही. नमुना मालवणचा की कारवारचा, लॉने तोडला की आणखी कोणी, हे तिच्यावरून ठरविता येत नाही.

डॅल्झेलच्या वर्णनातील अखेरची ओळ जे जपते, ते ही चिठ्ठी गमावते. दोन ‘इत्यादीं’पैकी पहिल्याने स्थळे गिळली, दुसऱ्याने माणसे. यामागे दुष्ट हेतू नव्हता. हजारो नमुने हाताळताना छापील चिठ्ठी ही सोय होती. पण सोय कोणाची हे पाहिले पाहिजे. हूकर आणि टॉमसन यांच्या नावात कोठेही ‘इत्यादी’ नाही. पत्राच्या दोन टोकांना उभे असलेले मित्र बरोबरीचे नव्हते. एक वस्तू पाठविणारा होता, दुसरा नाव ठरविणारा. दूर कोकणात झिजलेल्या माणसाचे ज्ञान राजधानीत पोहोचेपर्यंत सार्वजनिक होते आणि तितकेच अनाम होते. पत्रमैत्रीची ही उतरती भाजणी लक्षात घेतली नाही तर तिचे कौतुक भाबडे ठरेल.

याच हूकर आणि टॉमसन यांनी १८५९-६० मध्ये तेरड्याच्या प्रजातीचा आढावा घेताना या मित्रांची नावे तीन जातींना दिली. पिवळ्या फुलांचा इंपेशन्स डॅल्झेली, सड्यांवर फुलणारा इंपेशन्स लॉई आणि झाडांच्या खोडांवर उगवणारा चिमुकला इंपेशन्स स्टॉक्सी. चिठ्ठीवर जे पुसले गेले त्याची ही भरपाई म्हणावी काय? काही अंशी तसे म्हणता येईल. परंतु नावाने माणूस स्मरणात राहतो, त्याचे निरीक्षण नव्हे. स्टॉक्सचे नाव असलेला तेरडा आपल्याला स्टॉक्स कोठे उभा होता हे सांगत नाही. सन्मान आणि श्रेय या दोन भिन्न वस्तू आहेत, आणि पहिली दिल्याने दुसरीचे देणे फिटत नाही. समीक्षेच्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणाचे सार याच भेदात आहे.

६

नामकरणाची रीत मैत्रीची असली तरी तिच्यात अन्य हेतू शिरू शकतात. जुन्नर परिसरातील डोंगरकड्यांवर वाढणाऱ्या, आज शिवसुमन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुर्मिळ वनस्पतीसाठी डॅल्झेलने १८६४-६५ मध्ये फ्रेरिया ही नवी प्रजाती निर्माण केली. बार्टल फ्रिअर तेव्हा मुंबईचा गव्हर्नर होता, आणि त्याआधी सिंधचा आयुक्त. त्याची वनविषयक आस्था लक्षात घेऊनही, निमोच्या नावाशी हे नाव ताडून पाहिल्यास दोहोंतील अंतर लपत नाही. ग्रॅहमने निमोला नाव दिले तेव्हा निमोकडून मिळण्यासारखे काही नव्हते. फ्रेरियाच्या बाबतीत स्नेह आणि आश्रय यांची सरमिसळ झालेली आहे, आणि ती वेगळी करणे कठीण आहे.

कधी नियमच मित्रांमित्रांत निवाडा करतो. नदीच्या वाहत्या पाण्यात खडकाला शेवाळासारखी चिकटून राहणारी एक वनस्पती दीर्घकाळ लॉच्या नावाने, लॉइया म्हणून, ग्रंथांतून येत होती. परंतु लॉइया हे नाव रॉबर्ट वाइटने त्यापूर्वीच दुसऱ्या एका प्रजातीला देऊन टाकलेले असल्यामुळे ते येथे टिकू शकले नाही, आणि वाइटनेच दिलेले डॅल्झेलिया हे नाव ग्राह्य ठरले. एका मित्राच्या जागी दुसरा मित्र आला, तो दोघांच्याही मृत्यूनंतर आणि दोघांच्याही इच्छेवाचून. तेथे भावना उरली नाही, फक्त तारखा उरल्या. काटेकोरपणाची ही किंमत शास्त्राने मान्य केलेली आहे.

सिंधुदुर्गातील शेतकऱ्याच्या बांधावर मात्र या सगळ्याचे एक वेगळेच उदाहरण उभे असते. कुडाळ-सावंतवाडीकडे माणगा म्हणून घरोघर लावला जाणारा, भरीव व बिनकाट्याचा बांबू १८६८ साली मन्‍रोने स्टॉक्सच्या नावाने वर्णिला. आज त्याचे नाव डेंड्रोकॅलॅमस स्टॉक्सी असे आहे. माणगा लावणाऱ्याला स्टॉक्स ठाऊक नाही, आणि ग्रंथातल्या नावाला लावणारा ठाऊक नाही. त्या बांबूची निवड, लागवड आणि जोपासना पिढ्यान्‌पिढ्या कोणी केली, याचा त्या लॅटिन नावात मागमूस नाही.

७

येथे मैत्रीची सीमा लागते. या ग्रंथांत देशी नावे आहेत. ग्रॅहमच्या सूचीतही आहेत आणि ‘बॉम्बे फ्लोरा’तही. प्रत्येक देशी नाव हे एका संभाषणाचा अवशेष असते. कोणीतरी विचारले असेल, कोणीतरी सांगितले असेल. सांगणारा गुराखी असेल, वैदू असेल, कुमरी करणारा असेल. इंग्रजी ग्रंथात उत्तर शिल्लक राहिले, उत्तर देणारा राहिला नाही. लॉने कळविले, निमोने पाठविले, स्टॉक्सने आणले, असे श्रेय मित्रांना मिळते. अमक्या गावच्या अमक्याने सांगितले, असे नाही. जे पत्र लिहू शकत होते ते नोंदीत आले. जे फक्त बोलू शकत होते त्यांचे शब्द आले. पुढे वनखात्याने ज्या कुमरी शेतीवर निर्बंध घातले, ती करणाऱ्यांच्याच तोंडून या वनखात्याच्या अधिकाऱ्यांनी रानाची काही नावे घेतली असतील, ही यातील विसंगती डोळ्याआड करता येणार नाही.

दापुरीच्या बागेतील चित्रकाराची कथा याहून बोलकी आहे. १८४७ ते १८५० या काळात गिब्सनने तेथील वनस्पतींची चित्रे काढविली. दीडशेहून अधिक असलेला हा चित्रसंग्रह आज एडिंबरोच्या राजकीय वनस्पतिउद्यानात आहे आणि हेन्री नॉल्टी या अभ्यासकाने २००२ साली त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. चित्रकार पोर्तुगीज-हिंदी वंशाचा होता एवढे समजते. त्याचे नाव समजत नाही. मॉने क्रोकसची चित्रे स्वतः काढली, म्हणून चित्रकार आणि ग्रंथकार एकच राहिले. दापुरीत ते दोन झाले, आणि एकाचे नाव गेले. तीन वर्षे ज्याच्याबरोबर काम केले त्याचे नाव लिहावेसे वाटू नये, हा व्यक्तीचा दोष मानण्यापेक्षा त्या काळच्या मैत्रीच्या कल्पनेचाच दोष मानणे अधिक न्याय्य ठरेल. वेतन दिले की ऋण संपते, अशी ती कल्पना होती.

याला एक सुखद अपवाद भाषेने स्वतःच घडवून आणला आहे. वेंगुर्ले-सावंतवाडीकडे जिच्या वळेसरांचा गंध उन्हाळ्याच्या तोंडी घरोघर दरवळतो त्या सुरंगीची शास्त्रीय नावे अनेकदा बदलली. ‘बॉम्बे फ्लोरा’च्या काळी ती वाइटने दिलेल्या कॅलिसॅकियन या नावाने परिचित होती. आजचे तिचे मान्य नाव मामिया सुरिगा असे आहे. त्यातील सुरिगा हे जातिनाम तिच्या देशी नावाचेच लॅटिन रूप होय. कोणा मित्राचे नाव तेथे नाही, गव्हर्नराचेही नाही. ज्यांनी ती फुले पहिल्याने माळली त्यांचाच शब्द तेथे टिकला. ‘इत्यादी’त गेलेल्या माणसांना ग्रंथात जागा मिळण्याचा हा एक मार्ग होता, आणि तो अधिक वापरला गेला असता तर या ग्रंथांचे मोल वाढले असते.

८

मालवणचे नाव या लेखनात स्थळाच्या ओळीत आले, ते लेखकाच्या ओळीत येण्यास बराच काळ जावा लागला. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म १८८४ साली मालवण येथे झाला. एल्फिन्स्टन कॉलेजात असतानाच ते सह्याद्री हिंडू लागले, आणि त्या भ्रमंतीत त्यांना गोड्या पाण्यातील जेलीमाशाचा एक नवा प्रकार आढळला. त्याचे वर्णन कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधील नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी केले व त्यास लिम्नोक्निडा इंडिका असे नाव दिले. येथेही पाठविणारा एक आणि नाव ठरविणारा दुसरा, ही जुनी विभागणी दिसते. पण या वेळी पाठविणाऱ्याचे नाव ‘इत्यादी’त गेले नाही. पुढे आघारकर कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे घोष प्राध्यापक झाले. जर्मनीत अध्ययनासाठी गेले असता पहिल्या महायुद्धात तेथे स्थानबद्ध झाले. आणि १९२० साली त्यांचा वायव्य हिंदुस्थानातील रुक्ष व क्षारयुक्त भूमीतल्या वनस्पतींच्या प्रसारसाधनांवरील व उगमस्थानांवरील प्रबंध जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. ज्या सिंधच्या वनस्पतींचे काम स्टॉक्सने १८५४ साली अपुरे ठेवले, त्या रुक्ष प्रदेशाच्या वनस्पतींकडे मालवणचा अभ्यासक वळला, हा योगायोग असेल. परंतु अपुरे पुरे करण्याच्या त्या जुन्या रीतीचे स्मरण त्याने होते.

आघारकरांनी १९४६ साली पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीची उभारणी हाती घेतली आणि १९६० साली मृत्यू येईपर्यंत तिची धुरा वाहिली. त्या संस्थेस १९९२ पासून त्यांचे नाव आहे, आणि तिच्या वनस्पतिसंग्रहात सह्याद्री-कोकणातील नमुने जतन केले जातात. एका बाजूला ‘मलबार, कोकण इत्यादी’ अशी चिठ्ठी आणि दुसऱ्या बाजूला गाव, दिनांक व संग्राहक यांची स्वतंत्र नोंद मागणारी आजची चिठ्ठी, यांमधील अंतर हे केवळ तंत्राच्या प्रगतीचे अंतर नव्हे. श्रेय कोणाकोणाला द्यावयाचे, या प्रश्नाचे उत्तर मधल्या काळात विस्तारले आहे.

ग्रॅहम-निमो यांच्यापासून डॅल्झेल-गिब्सन यांच्यापर्यंतच्या ग्रंथांविषयी अखेरीस असे म्हणता येईल की, मित्राचे अपुरे काम पुरे करणे, त्याची चूक सुधारतानाही त्याचे नाव राखणे आणि जे पाहिले ते कोठे पाहिले हे सांगणे, या तीन गोष्टी त्यांनी शास्त्राला दिल्या. त्यांचे उणेपण, या गोष्टी त्यांनी पत्र लिहू शकणाऱ्यांपुरत्याच ठेवल्या, यात आहे. पदव्युत्तर अभ्यासकाने हे ग्रंथ उघडावेत ते या दोहोंचे भान ठेवून. नावापुढचा कंस, संग्राहकापुढचे उद्‌गारचिन्ह, स्थळाची शेवटची ओळ आणि देशी नावाचा तिरपा शब्द या चार ठिकाणी तो थांबला, तर कोरड्या वाटणाऱ्या या पानांत किती माणसे बोलत होती, आणि किती बोलूनही ऐकली गेली नाहीत, हे त्याला आपोआप कळून येईल.